मामा-मामींना चॅट्सवर्थ दाखवताना

मे महिना लागला की इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या घरांमध्ये पाहुण्यांचा मोसम सुरू होतो. कुणाचे आईवडील येतात, कुणाचे सासू-सासरे, कुणाचे काका-काकू. लंडन पहिल्या आठवड्यात आटोपतं. मग एखाद्या रात्री जेवताना पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतं, "इथली खेडी कशी असतात गं?" हा प्रश्न आला की समजावं, पाहुणे इथे रुळले. त्याचं उत्तर एका शनिवार-रविवारात कसं देता येईल, ते माझ्या अनुभवावरून सांगते.

माझं घर लीड्सला. पाहुण्यांना घेऊन मी पहिल्यांदा डर्बीशरला गेले तेव्हा माझं चुकलं. मावशी आणि काका आले होते. त्यांचं पुन्हा येणं कधी होणार, या विचाराने मी एका दिवसात कॅसलटनच्या गुहा, विनॅट्स पासचा खडा घाट, चॅट्सवर्थचा वाडा आणि बेकवेल गाव असं सगळं कोंबलं. घाटात मावशीला उलटी झाली. चॅट्सवर्थला पोचेपर्यंत आत सोडायची वेळ टळत आली होती, त्यामुळे खोल्यांमधून आम्ही नुसते चालत सुटलो. रात्री साडेआठला एका पबमध्ये जेवायला गेलो तर स्वयंपाकघर बंद झालेलं. दोघांनी गाडीत बसून बिस्किटं खाल्ली, तक्रारीचा एक शब्द काढला नाही. पुण्याला परतल्यावर मावशीने फोनवर आठवण काढली ती एका दगडी बांधाची. वाटेत गाडी थांबली होती तेव्हा त्या बांधाला टेकून तिने दहा मिनिटं मेंढ्या पाहिल्या होत्या. एवढ्या धावपळीत तिच्या मनात राहिली ती तेवढीच दहा मिनिटं.

त्यानंतर मी नियमच केला. दोन दिवसांत एक मोठं घर आणि दोन गावं, त्याहून जास्त काही नाही. पाहुण्यांना बसायला वेळ मिळाला पाहिजे. त्यांना प्रश्न पडले पाहिजेत आणि त्यांची उत्तरं द्यायला आपल्यालाही सवड हवी. गेल्या वर्षी रावेरचे मामा-मामी आले तेव्हा हा नियम पाळला आणि तो दौरा मनासारखा झाला.

डर्बीशरचीच निवड का, तेही सांगते. लंडनकरांना ऑक्सफर्डजवळचा ब्लेनम पॅलेस आणि कॉट्सवोल्डची गावं जवळ पडतात, तिकडेही हाच बेत जमेल. पण चॅट्सवर्थ आणि त्याच्या भोवतालची गावं यांचा एकमेकांशी जुना संबंध आहे. नुसतं घर पाहिलं तर खिडक्यांच्या चौकटींवरचा सोन्याचा मुलामा लक्षात राहतो. गावंही सोबत पाहिली की जमीन कुणाची होती आणि तिच्यावर कोण कसं जगलं, हे उलगडू लागतं. आपल्या वडीलधाऱ्यांना त्यात जास्त रस असतो, विशेषतः घरी शेती असेल तर. हा सगळा भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येतो. १९५१ साली जाहीर झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. लीड्सकडून एम-वन महामार्गाने चेस्टरफील्डपर्यंत आलं की पुढे अर्धा तास. चेस्टरफील्डच्या चर्चचा पिळवटलेला कळस लांबूनच दिसतो, तो चालत्या गाडीतून दाखवा. मँचेस्टरकडून येणाऱ्यांना वळणं जास्त लागतात. गाडी लागणारं कुणी असेल तर त्यांना पुढे बसवा, निघण्याआधी हलकंच खायला द्या आणि स्नेक पासच्या वाटेला जाऊ नका.

मुक्कामासाठी हॉटेलपेक्षा छोटं कॉटेज भाड्याने घ्या. मामींना सकाळचा चहा स्वतः आलं ठेचून करायचा असतो आणि रात्री एकदा तरी खिचडी किंवा पिठलं-भात पोटात गेला तर दुसरा दिवस बरा जातो. घर ठरवताना फोटोंवर जाऊ नका, मालकाला चार गोष्टी स्पष्ट विचारा. झोपायची खोली तळमजल्यावर आहे का? संडास त्याच मजल्यावर आहे का? आंघोळीला टबच्या कठड्यावरून पाय टाकून आत जावं लागतं का? जिना किती उभा आहे? जुन्या दगडी घरांचे जिने अरुंद असतात आणि दारं बुटकी. टब ओलांडताना गुडघे दुखणाऱ्या माणसाचा तोल जातो, हे मी पाहिलं आहे. घरून एक प्लॅस्टिकचा मग न्या. फोडणी देण्याआधी खिडकी उघडा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो आणि वयस्कर माणसं घाबरून जातात.

खाण्याचं आधीच सांगून ठेवते, कारण दौरे तिथेच बिघडतात. गावातल्या पबमध्ये दुपारी आणि संध्याकाळी ठरावीक वेळेतच जेवण मिळतं. रविवारी दुपारी तर आठवडाभर आधी जागा राखून ठेवावी लागते. शाकाहारी पदार्थ आता सगळीकडे मिळतात, पण एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. उत्तर इंग्लंडात मासे आणि चिप्सच्या दुकानांत बटाट्याच्या चिप्स अनेकदा गाईच्या चरबीत तळतात. नुसत्या चिप्स म्हणून निर्धास्तपणे मामींच्या हातात पुडा देऊ नका, आधी विचारा. दुकानदार सरळ सांगतात. बेकवेलच्या प्रसिद्ध पुडिंगमध्ये अंडं असतं, हेही आधी सांगा. चाखून झाल्यावर कळलं तर माणूस दिवसभर अस्वस्थ राहतो. मी तिखट-मिठाच्या पुऱ्या, दशम्या, लोणचं आणि चहाचा थर्मास गाडीत ठेवतेच. निघण्याआधी कालनिर्णय उघडून एकादशी, चतुर्थी बघून घ्या. चतुर्थी असेल तर चंद्रोदयाची वेळही बघा, इथे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

कपड्यांचं सोपं आहे. जून असला तरी स्वेटर, शाल, वाऱ्यापावसाचं जाकीट आणि बंद बूट हवेतच. साडीवर बूट-मोजे घालायला मामींना आधी संकोच वाटला. ओल्या गवतातून दहा पावलं चालल्यावर तो गेला. औषधांच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळच्या पिशवीत असाव्यात, कॉटेजवर नव्हे. पाहुण्यांचा प्रवास विमा उतरवलेला हवाच. इथल्या सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात उपचारांचे पैसे लागत नाहीत, पण भरती करावं लागलं तर पर्यटकांना बिल येतं.

आता शनिवार. घराची तिकिटं वेळ ठरवून आधीच काढा आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. ख्रिसमसनंतर काही आठवडे घर बंद असतं, तेव्हा त्या काळात तारखा तपासल्याशिवाय निघू नका. पाहुणे तिकिटाच्या किमतीचे रुपये करतात. करू द्या, पण एवढे पैसे कशाचे, हेही त्यांना सांगा. हे डेव्हनशरच्या ड्यूकचं घर, कॅव्हेंडिश घराण्याचं. १९५० मध्ये दहावे ड्यूक वारले तेव्हा वारसा कर लागला तो मालमत्तेच्या ८० टक्के. तो फेडायला जमिनी गेल्या, अमोल चित्रं आणि ग्रंथ गेले, हार्डविक हॉल नावाचा घराण्याचा दुसरा वाडाच सरकारजमा झाला. १९८१ पासून चॅट्सवर्थ एका न्यासाकडे आहे आणि डागडुजीच्या खर्चाचा मोठा भार येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तिकिटांवर आहे. आपल्याकडचे किती वाडे वारसांच्या भांडणात आणि पावसाच्या पाण्यात बसले, ते मामांनी पाहिलेलं आहे. ते लगेच म्हणाले, "मग देऊ दे ना पैसे. छप्पर तर राहिलं."

दुसरा प्रश्न हमखास येतो, "हे सगळं आपल्याकडून लुटून आणलेलं का?" हा प्रश्न टाळू नका आणि खरं तेच सांगा. इंग्लंडातल्या काही वाड्यांच्या बाबतीत उत्तर होय असंच आहे. वेल्समधल्या पॉइस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याने भारतातून आणलेल्या वस्तू आहेत, टिपू सुलतानाचा तंबूही तिथे आहे. कॅव्हेंडिश घराण्याच्या पैशाचं मूळ मात्र मुख्यतः इथल्याच मातीत आहे. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या, त्या कामावरच्या अधिकाऱ्यांपैकी एक सर विल्यम कॅव्हेंडिश. त्याने आणि त्याची बायको बेस हिने १५४९ साली ही जागा विकत घेतली. पुढे जमिनीचा खंड, शिशाच्या खाणी आणि अठराव्या शतकात एक्टनची तांब्याची खाण, यांवर घराणं वाढलं. राबणारे हात इथल्याच गरिबांचे होते. हे ऐकल्यावर पाहुणे त्या झुंबरांकडे वेगळ्या नजरेने बघतात.

आत गेल्यावर प्रत्येक खोलीतली पाटी वाचून दाखवत बसू नका. तीन-चार ठिकाणी थांबा, बाकीच्या खोल्या चालता चालता पाहू द्या. रंगवलेल्या मोठ्या दालनात भिंतींवर आणि छतावर ज्युलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. तिथे बाकावर बसूनच वर बघावं, मान दुखत नाही. संगीताच्या दालनात आतल्या दारावर खुंटीला टांगलेलं व्हायोलिन दिसतं. ते नुसतं रंगवलेलं आहे, पण हे आधी सांगू नका. मामी दोन पावलं पुढे गेल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या आणि मग लहान मुलीसारख्या हसल्या. शिल्पांच्या दालनात राफाएल मॉन्टीने घडवलेली बुरख्यातली कुमारिका आहे. संगमरवराचं इतकं पातळ वस्त्र की त्याखालचा चेहरा दिसतो. मूर्तिकला जाणणाऱ्या आपल्या माणसांना तिथे वेळ द्या. सोबत कॉलेजातलं मूल असेल तर त्याला सांगा, हायड्रोजन ओळखणारा हेन्री कॅव्हेंडिश याच घराण्यातला. होमी भाभा केंब्रिजच्या ज्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत काम करत होते, ती सातव्या ड्यूकच्या देणगीतून १८७४ मध्ये उभी राहिली. घरात जिने बरेच आहेत. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, पण दारातच कर्मचाऱ्यांना सांगा, ते स्वतः घेऊन जातात. आपली माणसं संकोचाने बोलत नाहीत आणि निम्म्यातून परत फिरतात.

घराला दीड-दोन तास पुरे. खरा वेळ बागेला ठेवा.

मामांच्या दौऱ्याचं सार्थक त्या बागेत झालं. सहाव्या ड्यूकने १८२६ मध्ये जोसेफ पॅक्स्टन नावाच्या विशीतल्या तरुणाला मुख्य माळी नेमलं. हा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. त्याने इथे काचेची प्रचंड घरं उभारली, त्यातूनच पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस बांधला. याच पॅक्स्टनने मॉरिशसमार्गे आलेलं मूळ चीनमधलं केळीचं रोप उबदार काचघरात वाढवलं. १८३०च्या दशकात त्याला घड धरला. मालकाच्या घराण्यावरून त्या केळीला कॅव्हेंडिश नाव पडलं. विसाव्या शतकाच्या मध्यात पनामा रोगाने जगातल्या बाजाराची ग्रो मिशेल ही केळी बसली, तेव्हा तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. जळगाव जिल्ह्यातली जुनी बसराई याच गटातली आणि आता घरोघरी लागणारी ग्रँड नैन, म्हणजे आपली जी-नाईन, तीही याच गटातली. आपल्याकडचं रोप इथूनच गेलं असं नाही, पण नाव मात्र या वाड्याचं.

मामांची हयात केळीत गेली. हे सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पोरी, आमच्या बागेत इतकी वर्षं हा माणूस होता आणि आम्हाला ठाऊक नव्हतं." पाहुणे ज्या गावचे, त्या गावाचा एखादा धागा इथे सापडतो का, ते निघण्याआधी शोधून ठेवा, एवढंच माझं यावरून सांगणं आहे. मुंबईकर असतील तर एडन्सर या शेजारच्या गावात तो आहे, त्याबद्दल लगेच सांगते.

बागेत पाण्याची कामंही बघण्यासारखी आहेत. तलावातलं सम्राट कारंजं १८४४ मध्ये रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून घाईने बांधलं. वरच्या माळावर तळं खोदून तिथून नळाने पाणी आणलं. पंप नाही, नुसता उतार. त्या जोरावर धार ९० मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो पाहुणा आलाच नाही. पायऱ्यांवरून उतरणारी कॅस्केड ही जुनी जलधारा दुरुस्तीमुळे कोरडी असू शकते, तेव्हा आधी चौकशी करा म्हणजे हिरमोड होत नाही.

घराभोवतीच्या विस्तीर्ण कुरणात चालायला तिकीट लागत नाही. वयस्कर मंडळी थकली तर बाग आटोपती घ्या आणि डर्वेंट नदीच्या काठाने सावकाश एडन्सरकडे चला. गावाचं नाव लिहितात एडन्सर, पण म्हणतात एन्झर. वाटेत दिसणारी टेकडी, झाडांचे पुंजके, नदीचं वळण हे सगळं निसर्गाने केलेलं वाटतं, पण ते 'केपेबिलिटी' ब्राउन या उद्यानरचनाकाराने अठराव्या शतकात आखलेलं आहे. घरातून दिसणारं दृश्य मोकळं राहावं म्हणून तेव्हा जुन्या एडन्सरची घरं पाडायला सुरुवात झाली आणि १८३० नंतर सहाव्या ड्यूकने उरलेलं गाव उठवून नदीपासून दूर, टेकडीआड नव्याने वसवलं. पॅक्स्टन त्याही कामात होता. इथलं प्रत्येक घर वेगळ्या धाटणीचं आहे, एक स्विस वळणाचं, एक इटालियन, एक किल्ल्यासारखं. जुन्या गावातलं एक घर रस्त्यापलीकडे कुरणात एकटं उभं आहे. तेही दाखवा.

मामांनी विचारलं, "उठवलं त्यांना काय मिळालं?" धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलेली गावं त्यांनी पाहिली आहेत, त्यामुळे हा प्रश्न त्यांना सुचणारच. भक्कम घरं मिळाली, पण मालकी मिळाली नाही. आजही बहुतेक घरं इस्टेटीचीच आहेत आणि लोक भाड्याने राहतात. गाव देखणं आहे, त्यात वाद नाही. पण हे देखणेपण कुणाच्या सोयीसाठी घडलं, ते ठाऊक असल्याशिवाय पाहू नये, असं मला वाटतं.

एडन्सरच्या मधोमध सेंट पीटर्स चर्च आहे. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह यांचा आराखडा याच माणसाने लंडनमध्ये बसून केला. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला इथे उभं करून हे सांगा, चर्चच्या कमानींकडे तो ओळखीच्या नजरेने पाहील. मागच्या दफनभूमीत अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या बहिणीची कबर आहे. १९६३ मध्ये ते इथे येऊन गेले होते. आणि पॅक्स्टनची कबरही इथेच. मामा तिथे हात जोडून उभे राहिले. मी त्यांचा फोटो काढला नाही.

गावात वागायच्या काही रीती पाहुण्यांना प्रेमाने सांगून ठेवाव्यात. ही राहती घरं आहेत, खिडकीतून आत डोकावायचं नाही. कुणाच्या अंगणातल्या गुलाबासोबत फोटो हवा असेल तर फाटकाबाहेरूनच. कुरणाचं फाटक उघडलं तर आपल्या हाताने लावायचं, नाहीतर मेंढ्या रस्त्यावर येतात. वसंतात कोकरं असतात, त्यांच्या जवळ जायचं नाही. अरुंद रस्त्यावर समोरच्याने गाडी थांबवून वाट दिली तर हात वर करून आभार मानायचे. वाटेने जाणारी अनोळखी माणसंही नमस्कार करतात. मामींना हे फार आवडलं. त्या प्रत्येकाला 'राम राम' म्हणत होत्या आणि प्रत्येकाने त्यांना हसून उत्तर दिलं.

रविवारी सकाळी ईयम. उच्चार ईम. चॅट्सवर्थपासून गाडीने वीस मिनिटं. या गावासाठी अर्धा दिवस राखून ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही मोठं ठेवू नका, कारण इथून बाहेर पडल्यावर माणसं बराच वेळ गप्प असतात.

१६६५ च्या भाद्रपदात, म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला, इथल्या शिंप्याकडे लंडनहून कापड आलं. ते ओलं होतं म्हणून त्याचा गडी जॉर्ज व्हिकर्स याने ते शेकोटीसमोर वाळत घातलं. त्यातल्या पिसवांबरोबर प्लेग आला, असं गावात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. व्हिकर्स आधी गेला, मग शेजारी. पुढच्या जूनमध्ये धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली यांनी गावाला सांगितलं, आता कुणी वेशीबाहेर जायचं नाही, रोग आपल्यातच संपवायचा. गावाने ऐकलं. चर्च बंद करून प्रार्थना उघड्या दरीत होऊ लागल्या. प्रत्येक घराने आपलं माणूस आपल्याच जमिनीत पुरायचं ठरलं. एलिझाबेथ हॅन्कॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं स्वतःच्या हाताने पुरली. मॉम्पेसनची बायको कॅथरीन ऑगस्टमध्ये गेली. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं मेली, पण रोग भोवतालच्या गावांत पसरला नाही.

या काळात गाव जगलं कसं? वेशीवर खळगे पाडलेला एक दगड आहे. त्या खळग्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची, शेजारच्या गावचे लोक धान्य ठेवून पैसे उचलायचे. आणि चॅट्सवर्थहून तिथल्या जहागीरदाराने, तेव्हाच्या अर्ल ऑफ डेव्हनशरने, अन्न आणि औषधं पाठवली. काल पाहिलेलं घर आणि आज पाहिलेलं गाव इथे जोडलं जातं. म्हणून हे दोन दिवस या क्रमानेच करा.

मामी त्या घरांबाहेरच्या पाट्यांसमोर थबकल्या. कोणत्या घरातली कोण माणसं कोणत्या तारखेला गेली, ते पाट्यांवर लिहिलेलं आहे. मी मराठीत वाचत गेले. मग त्या आपल्या आजीने सांगितलेलं बोलू लागल्या. प्लेगच्या साली अख्खं गाव घरं सोडून शेतात झोपड्या घालून राहिलं होतं. उंदीर पडला की निघायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. आपल्याकडे माणसं गावाबाहेर पडून वाचली, इथे माणसं गावात थांबली आणि दुसऱ्यांना वाचवून गेली. मी सावित्रीबाईंची आठवण काढली. १८९७ मध्ये पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. मामी म्हणाल्या, "तीच जात दिसते या माणसांची." ईयमबद्दल मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हे वाक्य मला जास्त काही सांगून गेलं.

सोयीचं सांगायचं तर मोठ्या गाडीतळासमोरच छोटं संग्रहालय आहे. हिवाळ्यात ते बंद असतं. आधी ते बघा, मग चर्च. वेशीच्या दगडाकडे जाणारी पायवाट आणि हॅन्कॉक कुटुंबाच्या कबरी, दोन्हीकडे चढउतार आहे. ज्यांना झेपत नाही त्यांना गाडीने मॉम्पेसनच्या विहिरीपर्यंत न्या, ती रस्त्यालगतच आहे. तिथेही असेच पैसे ठेवत आणि सामान उचलत. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावात स्मरणाची प्रार्थना असते. त्या दिवशी जायचं तर पर्यटक म्हणून जाऊ नका, मागे शांत उभे राहा. दऱ्यांत मोबाइल चालत नाही, तेव्हा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवून ठेवा.

दुपारी मन हलकं करायला ॲशफर्ड-इन-द-वॉटर. तिथे काही 'बघायचं' नाही, नदीकाठी बसायचं. मेंढ्या धुण्याचा जुना दगडी पूल आहे, त्याच्या एका टोकाला दगडी कोंडवाडा. कोकरं कोंडवाड्यात ठेवायची आणि मेंढ्यांना पलीकडून पाण्यात लोटायचं. कोकरांच्या ओढीने त्या पोहत यायच्या आणि लोकर आपोआप धुतली जायची. मे ते सप्टेंबर या काळात आसपासच्या गावांत विहिरी आणि झरे सजवतात. लाकडी पाटावर ओली माती थापून तिच्यात फुलांच्या पाकळ्या, बिया, शेवाळ दाबून चित्रं काढतात. रांगोळी काढणाऱ्या बाईला ते दाखवा, ती माती कुठली इथपासून विचारत बसेल. तारखा गावागणिक वेगळ्या असतात, त्यावरून शनिवार-रविवार ठरवला तर उत्तम. गुडघे धड असतील तर जवळच मोन्साल ट्रेल आहे. बंद पडलेल्या रेल्वेमार्गाची ही सपाट वाट आहे, मन मानेल तिथून परत फिरता येतं.

आणि पाहुणे शेतकरी असतील तर एक शेवटची विनंती. रविवारी संध्याकाळी घाईने परतू नका. बेकवेलचा बाजार सोमवारी भरतो आणि त्याच दिवशी तिथे मेंढ्या-गुरांचा लिलावही होतो. सावद्याचा गुरांचा बाजार पाहिलेल्या मामांना इंग्रजीचा एक शब्द न कळता सौदा कळत होता. कोणती मेंढी कमी भावात गेली, ते त्यांनी मला सांगितलं आणि शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मान हलवून त्याला दुजोरा दिला. दोघे अर्धा तास एकाच कठड्याला टेकून उभे होते. तेव्हा तिकिटं काढण्याआधी कामावरून सोमवारची रजा मागून ठेवा.